अजाइल टीममध्ये बीए म्हणून काम सुरू करताना: नवोदितांसाठी मार्गदर्शन

सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर विभागात चार वर्षे काम केल्यानंतर मी नाशिकमधल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत बिझनेस ॲनालिस्ट (बीए) म्हणून रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात तीन सहकाऱ्यांना मी माझे काम नेमके काय, असे विचारले. एकाने सांगितले की ग्राहकाचे म्हणणे लिहून काढायचे, दुसऱ्याने सांगितले की जिरा या कामांची नोंद ठेवण्याच्या साधनात कार्डे भरायची, आणि तिसऱ्याचे मत असे होते की अजाइलमध्ये (लहान टप्प्यांत, ग्राहकाला दाखवत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीत) बीए लागतच नाही. प्रत्येक उत्तरात थोडे तथ्य होते. मात्र त्यांपैकी एकाच्याही आधारे मला सोमवारी सकाळी काम सुरू करता आले नसते. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून मी हे क्रमवार लिहीत आहे.

या कामाबद्दल माझी समज अशी झाली आहे: डेव्हलपर कोडला हात लावण्यापूर्वी त्या कामातला नियम, आणि विशेषतः त्या नियमाचे अपवाद, टीममधल्या सर्वांना सारखेच कळलेले असावेत, ही जबाबदारी बीएची. पुढील सर्व पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत. त्या समजावण्यासाठी मी आपल्या जिल्ह्यात सर्वांच्या ओळखीचे उदाहरण घेते, ते म्हणजे बाजार समितीतील कांदा लिलाव आणि त्यानंतर शेतकऱ्याला मिळणारी हिशेबपट्टी. त्यातील रकमा केवळ उदाहरणादाखल आहेत.

सुरुवातीला जवळ काय असावे

- प्रकल्पाचा करार किंवा कामाची व्याप्ती सांगणारा कागद, निदान त्यातील तुमच्या टीमशी संबंधित भाग
- ग्राहकाकडे सध्या वापरात असलेले प्रत्यक्ष कागद: पावत्या, नोंदवह्या, एक्सेलच्या फाइली, छापील नमुने
- जिरा किंवा टीम जे साधन वापरत असेल त्यात कार्ड तयार करण्याची व बदलण्याची परवानगी
- आकृत्या काढण्यासाठी कोणतेही मोफत साधन. वही आणि पेन्सिलही चालते
- टेस्ट सर्व्हरचे लॉगिन, जे मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही
- संज्ञांची यादी ठेवण्यासाठी सर्वांना दिसेल अशी एक फाइल

१. टीममधली तुमची जागा आधी समजून घ्या

अजाइलचा जाहीरनामा २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात १७ जणांनी मिळून लिहिला. त्यात चार मूल्ये आणि बारा तत्त्वे आहेत, पदांची यादी नाही. स्क्रम ही अजाइल कामाची एक प्रचलित रीत; तिची अधिकृत पुस्तिका असलेल्या स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीत प्रॉडक्ट ओनर (कोणते काम आधी हे ठरवणारा), स्क्रम मास्टर (ही रीत नीट पाळली जाते हे पाहणारा) आणि डेव्हलपर्स अशा तीनच जबाबदाऱ्या सांगितल्या आहेत. बीएचा उल्लेख तिथे नाही आणि टेस्टरचाही वेगळा उल्लेख नाही. तिथे ‘डेव्हलपर्स’ या शब्दात उत्पादन घडवणारे सर्वच जण येतात. त्यामुळे ‘अजाइलमध्ये बीए लागतच नाही’ असे कोणी म्हणाले तर खचून जाऊ नका. पद लिहिलेले नसले तरी काम असतेच, आणि ते कोणीतरी करावेच लागते.

प्रत्यक्षात तीनपैकी एक मांडणी दिसते. काही ठिकाणी बीए हा टीमचा सदस्य असतो आणि प्रॉडक्ट ओनर ग्राहकाकडचा असतो. काही ठिकाणी प्रॉडक्ट ओनरला वेळ नसल्यामुळे बीए त्याच्या वतीने बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची क्रमवार यादी, सांभाळतो. तिसऱ्या ठिकाणी बीएलाच प्रॉडक्ट ओनर म्हणतात. पहिल्याच दिवशी तुमच्या व्यवस्थापकाला एक प्रश्न विचारा: कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हा अंतिम निर्णय कोणाचा? उत्तर जर ‘प्रॉडक्ट ओनरचा’ असे असेल, तर तुम्ही माहिती आणि पर्याय मांडायचे, निर्णय त्यांना घेऊ द्यायचा. दुसऱ्या मांडणीत सर्वांत जास्त घोटाळा होतो, कारण टीम तुमच्या शब्दाला निर्णय समजते आणि ग्राहक तसे समजत नाही. तिथे प्रत्येक निर्णय त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलने पक्का करून घेण्याची सवय लावा.

२. माणसे आणि शब्द गोळा करा

पहिले दोन आठवडे यासाठीच ठेवा. त्या सॉफ्टवेअरला हात लावणारा किंवा त्यातून निघणाऱ्या कागदावर अवलंबून असणारा प्रत्येक माणूस यादीत आला पाहिजे. बाजार समितीच्या उदाहरणात सचिव आणि संगणक विभाग हे लगेच आठवतात. पण गेटवर गाडीची नोंद करणारा कर्मचारी, लिलाव पुकारणारा, वजनकाट्यावरचा माणूस, व्यापाऱ्याचा मुनीम आणि स्वतः शेतकरी यांच्याशी न बोलता केलेली यादी अपुरी असते.

त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. उन्हाळ कांदा, लाल कांदा, गोल्टी, खळे, तोलाई, वाराई या शब्दांना त्या आवारात नेमका अर्थ असतो आणि पुण्यात बसलेल्या डेव्हलपरला तो माहीत असेलच असे नाही. प्रत्येक शब्दापुढे एका वाक्यात अर्थ आणि एक उदाहरण लिहा. पडद्यावरही तेच शब्द ठेवण्याचा आग्रह धरा, कारण ‘डिडक्शन टाइप दोन’ असे लिहिलेले बटण कारकून दाबत नाही, तो शेजारच्याला विचारतो.

येथे एक सापळा आहे. एकच माणूस छान बोलतो, वेळ देतो आणि सगळे समजावून सांगतो, म्हणून आपण त्याच्यावरच विसंबतो. माझ्या पहिल्या प्रकल्पात मी कार्यालयातील एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याकडून सगळी माहिती घेतली आणि लिलावाच्या आवारात गेलेच नाही. त्यांनी सांगितलेले सर्व बरोबर होते. पण गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर (माल उतरवण्याच्या जागी) खाली झाल्यावर काय होते, ते त्यांच्या टेबलापर्यंत कधी पोहोचतच नव्हते.

३. काम आज जसे चालते तसे काढा

नवी पद्धत सुचवण्याआधी चालू पद्धतीची आकृती काढा. गाडी गेटवर येते आणि नोंद होते. ती लिलावाच्या रांगेत लागते, व्यापारी माल पाहतात, भाव पुकारला जातो आणि सौदा ठरतो. भरलेल्या गाडीचे वजन होते. माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली होतो. रिकाम्या गाडीचे वजन होते. दोन्ही वजनांच्या फरकावर हिशेबपट्टी बनते आणि शेतकऱ्याला पैसे मिळतात.

आकृती काढून झाली की प्रत्येक बाणापाशी थांबा आणि एकच प्रश्न विचारा: ‘आणि असे झाले नाही तर?’ सौदा शेतकऱ्याला मान्य झाला नाही तर? गाडी खाली करताना आतला माल वरच्या मालापेक्षा वेगळा निघाला तर? रिकाम्या गाडीचे वजन करायचे राहून ती निघून गेली तर? वजनकाट्याजवळचे इंटरनेट बंद पडले तर? माझ्या अनुभवात खरे काम या उत्तरांतच दडलेले असते. ही उत्तरे कार्यालयात बसून मिळत नाहीत; एक पूर्ण सकाळ आवारात उभे राहावे लागते.

४. मोठे काम आडवे कापू नका, उभे कापा

ग्राहक म्हणतो, ‘लिलावाचे सगळे संगणकावर आणा.’ नवा बीए त्याचे तुकडे असे करतो: आधी डेटाबेस, मग सर्व पडदे, मग सर्व अहवाल. हे आडवे तुकडे होत. पहिले दोन महिने यातून कोणालाही वापरता येईल असे काहीच बाहेर पडत नाही, आणि चूक कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

त्याऐवजी एकाच गाडीचा प्रवास गेटपासून हिशेबपट्टीपर्यंत पूर्ण होईल असा पातळ तुकडा आधी घ्या. त्यात एकच शेतमाल, एकच वजनकाटा, आणि वजावटी नाहीत. पुढच्या तुकड्यात वजावटी, त्याच्या पुढच्यात भावातील बदल, नंतर अनेक काटे. प्रत्येक तुकड्यानंतर कारकुनासमोर काहीतरी ठेवता येते आणि तो बोलू लागतो. लोक कोऱ्या कागदासमोर गप्प बसतात आणि चुकीच्या हिशेबपट्टीसमोर भरभरून बोलतात. या स्वभावाचा तुम्ही उपयोग करून घ्यावा.

५. युजर स्टोरी आणि स्वीकृती निकष लिहा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. युजर स्टोरी, म्हणजे वापरकर्त्याच्या नजरेतून थोडक्यात लिहिलेली गरज, ही कल्पना एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या अजाइल पद्धतीतून आली. त्या पद्धतीच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये तिचे तीन भाग सांगितले: कार्ड, संवाद आणि खातरजमा. बहुतेक टीममध्ये कार्ड तेवढे उरते आणि बाकीचे दोन हरवतात. कार्ड ही केवळ बोलण्याची आठवण असते. ते वाचून डेव्हलपरने एकट्याने काम करावे अशी अपेक्षा मुळात नव्हतीच.

स्टोरीचा परिचित साचा असा आहे: ‘शेतकरी म्हणून मला माझ्या गाडीची हिशेबपट्टी भाव, वजन आणि वजावटी वेगवेगळ्या दाखवणारी हवी, म्हणजे हातात पडलेली रक्कम मला पडताळून पाहता येईल.’ यातला शेवटचा भाग, म्हणजे कारण, कधीही गाळू नका. कारण लिहिलेले असेल तर डेव्हलपर स्वतःहून विचारतो की मग पट्टीवर दोन्ही वजनेही दाखवायची का. कारण नसेल तर तो फक्त एक चौकट भरतो.

स्वीकृती निकष, म्हणजे काम पूर्ण झाले हे ठरवणाऱ्या अटी, ‘समजा, जेव्हा, तेव्हा’ या रीतीने लिहिले तर टेस्टर, डेव्हलपर आणि ग्राहक या तिघांनाही ते वाचता येतात. प्रत्येक निकषात खरा आकडा घाला.

- समजा ठरलेला भाव प्रतिक्विंटल १,८५० रुपये आणि निव्वळ वजन २४.६० क्विंटल आहे. जेव्हा कारकून हिशेबपट्टी काढतो, तेव्हा मालाची रक्कम ४५,५१० रुपये दिसावी.
- समजा रिकाम्या गाडीचे वजन नोंदलेले नाही. जेव्हा कारकून हिशेबपट्टी काढू पाहतो, तेव्हा पट्टी निघू नये आणि कोणती नोंद राहिली आहे ते मराठीत दिसावे.
- समजा माल खाली केल्यावर भाव १,७०० रुपये ठरला आणि तो शेतकऱ्याला मान्य आहे. जेव्हा बदल नोंदवला जातो, तेव्हा रक्कम ४१,८२० रुपये व्हावी, आणि मूळ भाव, नवा भाव, कारण व नोंद करणाऱ्याचे नाव कायम राहावे.

तिसरा निकष माझ्याकडून पहिल्या प्रकल्पात राहिला होता. डेमोच्या दिवशी एका मुनीमाने सहज विचारले, ‘भाव बदलला तर कुठे लिहायचे?’ त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. भाव एकदाच ठरतो असे गृहीत धरून पूर्ण रचना केली होती, त्यामुळे ती उलगडून पुन्हा बांधण्यात पुढची स्प्रिंट (टीमच्या कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा) गेली. ४५,५१० आणि ४१,८२० यांतील ३,६९० रुपयांचा फरक कोणी, केव्हा आणि का मान्य केला, हे कागदावर असणे शेतकऱ्यासाठी किती महत्त्वाचे आहे, हे मला त्या दिवशी कळले.

हमाली, तोलाई, वाराई या वजावटींबाबत आणखी सावध राहा. त्या कोणाकडून आणि किती घ्यायच्या यावरून नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद राहिल्याचे प्रसंग घडले आहेत. जो नियम वादात आहे तो बदलणार, हे धरून चालावे. म्हणून दर कोडमध्ये लिहिला जाऊ नये. तो कोणत्या तारखेपासून लागू आहे या नोंदीसह अधिकृत माणसाला बदलता यावा, आणि जुन्या पट्ट्या जुन्या दरानेच दिसाव्यात, असा वेगळा निकष लिहा. ‘लागू होण्याची तारीख’ हा प्रश्न जीएसटी असो, पगार असो वा कारखान्यातील दरपत्रक असो, सगळीकडे विचारावा लागतो.

स्टोरी चांगली झाली का, हे पाहण्यासाठी अजाइल सल्लागार बिल वेक यांनी २००३ मध्ये मांडलेल्या सहा कसोट्या पुरेशा आहेत: ती शक्यतो स्वतंत्र असावी, तिच्यात चर्चेला वाव असावा, तिच्यातून कोणाला तरी उपयोग व्हावा, तिचा अंदाज करता यावा, ती लहान असावी आणि तपासता यावी. नवोदितांकडून बहुधा शेवटची कसोटी चुकते. ‘पट्टी लवकर निघावी’ हे तपासता येत नाही. ‘बटण दाबल्यापासून तीन सेकंदांत पट्टी छापायला जावी’ हे येते.

मराठीशी निगडित दोन मुद्दे कार्डावर हमखास राहतात. जुन्या नोंदी युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर त्यांचे रूपांतर हे स्वतंत्र काम आहे. तसेच एकाच शेतकऱ्याचे नाव जुन्या वह्यांत तीन प्रकारे लिहिलेले सापडते, त्यामुळे नावावरून शोध घेण्याची सोय किती भरवशाची असेल, हे आधीच बोलून घ्या.

६. स्प्रिंटच्या आधी रिफाइनमेंट (स्टोऱ्या चर्चेने स्पष्ट आणि लहान करणे) पुरते करून घ्या

पुढच्या स्प्रिंटमध्ये येऊ शकणाऱ्या स्टोऱ्या एक आठवडा आधी टीमसमोर ठेवा. त्याच्याही आधी बीए, एक डेव्हलपर आणि एक टेस्टर अशा तिघांनी वीस मिनिटे बसणे फार उपयोगी पडते. टेस्टरला या बैठकीत बोलवायला विसरू नका. अपवाद शोधण्याची त्याची नजर आपल्यापेक्षा तयार असते. स्क्रम गाइडच्या २०१७ च्या आवृत्तीत रिफाइनमेंटला टीमच्या क्षमतेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ सहसा लागू नये असे म्हटले होते. २०२० च्या आवृत्तीत हा आकडा नाही, तरी अंदाज घेण्यासाठी तो अजूनही चांगला आहे.

स्टोरीला लागणाऱ्या श्रमाचा अंदाज किती पॉइंटचा (पॉइंट हे टीमचे स्वतःचे माप), हे टीम ठरवते. त्यात तुम्ही आकडा सुचवू नका. एकाने तीन आणि दुसऱ्याने तेरा म्हटले तर मात्र दोघांनाही कारण विचारा, कारण बहुतेक वेळा दोघांना समजलेली स्टोरी वेगळी असते.

७. स्प्रिंट चालू असताना उपलब्ध राहा

रोजची बैठक १५ मिनिटांची असते. तिथे तुम्ही काल काय केले यापेक्षा कोणाचे काम तुमच्या उत्तरासाठी थांबले आहे, हे ऐकणे महत्त्वाचे. उत्तर माहीत नसेल तर अंदाजाने देऊ नका. ‘दुपारी तीनपर्यंत विचारून सांगते’ असे म्हणा आणि तीन वाजता सांगा. ग्राहक लंडनचा असेल तर तिथले घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते, त्यामुळे सकाळी पडलेल्या प्रश्नाचे उत्तर दुपारआधी येणार नाही, हे धरूनच प्रश्न आदल्या दिवशी पाठवून ठेवा.

मध्येच ग्राहकाचा फोन येतो आणि ‘एवढे छोटेसे बदलून द्या’ अशी विनंती होते. ती डेव्हलपरच्या कानावर परस्पर घालू नका. तिची नोंद करा, परिणाम विचारा आणि प्रॉडक्ट ओनरकडे न्या. बदलाला अजाइलमध्ये मज्जाव नाही, मात्र कशाच्या बदल्यात ते होणार, हे त्यांनी जाणूनबुजून ठरवले पाहिजे.

आणखी एक कळकळीची सूचना. बग समजावण्यासाठी शेतकऱ्याच्या बँक पासबुकाचा किंवा आधार कार्डाचा फोटो कार्डाला जोडू नका. तो नंतर कोण कोण पाहील यावर तुमचे नियंत्रण राहत नाही. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. कायदा नसता तरी लोकांनी विश्वासाने दाखवलेला कागद असा पसरवणे योग्य नव्हे. नाव आणि क्रमांक बदलून नमुना तयार करा.

८. डेमो आणि यूएटी (वापरकर्त्यांनी स्वतः करायची स्वीकृती चाचणी) यांची वेळ विचारपूर्वक निवडा

डेमोला वापरकर्ते आले पाहिजेत, केवळ त्यांचे साहेब नव्हे. शक्य असेल तर माउस कारकुनाच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प राहा. तो कुठे थांबतो ते लिहून घ्या.

यूएटीची तारीख ठरवताना ग्राहकाचा हंगाम पाहा. द्राक्ष निर्यातदाराकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणालाही तपासणीसाठी वेळ नसतो. कारखान्यात मार्चअखेरीस तीच स्थिती असते. अशा काळात ‘तपासले, ठीक आहे’ असा ईमेल येतो आणि प्रत्यक्षात कोणी काहीच उघडून पाहिलेले नसते. सुरुवातीला एक्सेलमध्ये दहा-बारा प्रसंगांची यादी द्या, प्रत्येकासमोर अपेक्षित रक्कम लिहा आणि एकदा त्यांच्याशेजारी बसून करा.

९. कागद किती ठेवायचे ते ठरवा

जाहीरनाम्यात सर्वसमावेशक कागदपत्रांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला अधिक मोल दिले आहे. कागद नकोत असे त्यात म्हटलेले नाही. मी चार गोष्टी अद्ययावत ठेवते: संज्ञांची यादी, प्रक्रियेची आकृती, नियमांचा तक्ता आणि निर्णयांची नोंद. निर्णयांच्या नोंदीत तारीख, निर्णय, कोणी घेतला आणि का, एवढेच असते. दीड वर्षाने नवा डेव्हलपर येतो आणि ‘भाव दोन वेळा का साठवला आहे’ असे विचारतो, तेव्हा ही एक ओळ सर्वांचा दिवस वाचवते.

१०. नोकरी लागण्याआधी नाशिकमध्येच सराव करा

प्रमाणपत्राचा विचार असेल तर आयआयबीए या बीएंच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची ईसीबीए ही परीक्षा अनुभव नसलेल्यांसाठी आहे. त्याच संस्थेच्या सीबीएपी या वरच्या प्रमाणपत्रासाठी मात्र मागील दहा वर्षांत ७,५०० तासांचा बीए म्हणून अनुभव लागतो, त्यामुळे ती पहिल्या वर्षी डोक्यात घेऊ नका. प्रमाणपत्राने मुलाखतीचे दार उघडायला मदत होते. मुलाखतीत मात्र तुम्ही एखादी प्रक्रिया कशी उलगडून दाखवता, हेच पाहिले जाते.

त्यासाठी तुमच्या आसपासची एक प्रक्रिया निवडा. दिंडोरी किंवा निफाडकडे नातेवाइकांची बाग असेल तर खरड छाटणीपासून गोडी छाटणी, फवारणीच्या नोंदी, रेसिड्यू (फळात उरलेले औषधाचे अंश) तपासणी आणि कंटेनरपर्यंतचा प्रवास काढा. अंबड औद्योगिक वसाहतीत ओळखीचे कोणी असेल तर जॉबवर्कला गेलेल्या मालाचे चलन परत कसे येते ते पाहा. परवानगी घ्या, नावे बदला, आणि एक आकृती, वीस संज्ञा, पाच स्टोऱ्या व त्यांचे निकष एवढे तयार करा. मग ते त्या बागाईतदाराला किंवा सुपरवायझरला वाचून दाखवा. ते जिथे ‘नाही, नेहमी तसे नसते’ म्हणतील, ती वाक्ये जशीच्या तशी लिहून घ्या आणि प्रत्येकासाठी सहावी, सातवी स्टोरी करा.